वाचक विचारतात : दुरून बंकर भयंकर

गेल्या अंकात ॲलिस्टर मॅकेन्झी (१८७०–१९३४) या गोल्फ मैदानांच्या रचनाकारावर लेख प्रसिद्ध झाला होता. यॉर्कशायरमध्ये स्कॉटिश वंशाच्या आईवडिलांच्या पोटी जन्मलेला हा माणूस केंब्रिजला शिकून डॉक्टर झाला, बोअर युद्धात शल्यचिकित्सक म्हणून गेला, चाळिशीच्या आसपास मैदाने आखण्याच्या नादी लागला आणि रॉयल मेलबर्न, सायप्रस पॉइंट, ऑगस्टा नॅशनल अशी मैदाने मागे ठेवून गेला, एवढा त्या लेखाचा सारांश. गोल्फवरच्या लेखाला फारशी पत्रे येणार नाहीत, असा आमचा अंदाज होता, तो चुकला. काही पत्रे कौतुकाची होती, काही चांगलीच रागावलेली होती, आणि एका पत्राने आमची चूक पकडली होती. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न (नाशिकच्या एक निवृत्त शिक्षिका) : गवत, वाळू, झाडे आणि अठरा भोके एवढ्यावर जे मैदान होते, त्याला रचनाकार कशाला लागतो? आणि शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर तिकडे वळलाच कसा?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील सर्वांत जुनी मैदाने खरोखरच कोणी आखलेली नाहीत. समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधल्या वाळूच्या पट्ट्यात पीक येत नसे, म्हणून तिथे मेंढ्या चरत. वाऱ्याने वाळूच्या टेकड्या घडवल्या, आडोशाला बसणाऱ्या मेंढ्यांनी खळगे पाडले, सशांनी गवत आखूड ठेवले आणि माणसाने त्यात आपला खेळ बसवला, असे या मैदानांबद्दल परंपरेने सांगितले जाते. अडचण सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, हा खेळ इंग्लंडच्या आतल्या भागात, चिकणमातीच्या जमिनींवर पोहोचला तेव्हा. तिथे एखादा नावाजलेला खेळाडू दिवसभरासाठी बोलावला जाई. टी (पहिला फटका मारण्याची जागा) कुठे आणि ग्रीन (भोकाभोवतीची तुळतुळीत हिरवळ) कुठे याच्या खुंट्या ठोकून तो संध्याकाळी परत जाई. मागाहून मजूर फेअरवेला, म्हणजे टी आणि ग्रीन यांच्यामधल्या आखूड गवताच्या पट्ट्याला, आडवे सरळसोट मातीचे बांध घालत आणि त्यांच्या पुढ्यात वाळूचे चर खणत. एकामागून एक तेच बांध, तेच चर. शेताचे बांध निदान उपयोगाचे तरी असतात.

मॅकेन्झी या कामाकडे आले ते आडवाटेने. दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश फौजेसमोर उभे असलेले बोअर, म्हणजे तिथे स्थायिक झालेले डच वंशाचे लोक, हे बहुतांशी शेतकरी होते. संख्येने थोडे आणि साधनांनी तोकडे असूनही त्यांनी ब्रिटिशांना जेरीस आणले ते जमिनीच्या जाणकारीवर. मराठी माणसाला गनिमी कावा समजावून सांगायला नको. फक्त इथे सह्याद्रीऐवजी उघडे माळरान होते, हा फरक. डिसेंबर १८९९ मधील मागर्सफाँटेनची लढाई हे त्याचे ठळक उदाहरण आहे. टेकडी दिसली की शत्रू माथ्यावर असणार असे गृहीत धरून ब्रिटिश तोफांनी आदल्या दिवशी टेकडीच भाजून काढली. बोअरांनी मात्र आपले खंदक टेकडीच्या पायथ्याशी खणून झाकून ठेवले होते. पाहणाऱ्याची नजर जिथे जाणार नाही तिथे ते बसले होते.

लपण्याची ही कला मॅकेन्झींच्या डोक्यात पक्की बसली. पुढे पहिल्या महायुद्धात ते वैद्यकीय विभागातून लष्कराच्या अभियांत्रिकी विभागात गेले ते छद्मावरणाच्या कामासाठीच. गोल्फ मैदान बांधणे आणि खंदक लपवणे यांचे यश एकाच गोष्टीवर अवलंबून असते, असे ते सांगत : जमिनीत जे आहे त्याचा पुरेपूर उपयोग करायचा, आणि जे नवे घालायचे ते असे घालायचे की परक्या माणसाला निसर्गाचे कुठले आणि माणसाचे कुठले हे ओळखता येऊ नये. दरम्यान १९०७ मध्ये लीड्सजवळ अल्वुडली हा क्लब स्थापन झाला होता आणि मॅकेन्झी त्याच्या संस्थापकांपैकी एक होते. ग्रीनला चढउतार असावेत, बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, वेडेवाकडे असावेत या त्यांच्या कल्पना समितीतील इतरांना पटेनात, तेव्हा हॅरी कोल्ट या त्या काळच्या नामवंत रचनाकाराला सल्ल्यासाठी बोलावण्यात आले. कोल्टनी मॅकेन्झींचीच बाजू उचलून धरली. पुढे काही वर्षे दोघे भागीदारही होते. महायुद्ध संपल्यावर मॅकेन्झींनी दवाखान्याकडे पाठ फिरवली, मात्र डॉक्टरकी सोडली असे ते स्वतः मानत नसावेत. मोकळ्या हवेतील खेळ औषधापेक्षा अधिक रोगी बरे करतो, हा त्यांचा आवडता मुद्दा होता आणि तो ते अगदी गंभीरपणे मांडत.

प्रश्न (पुण्यातील वास्तुकलेची एक विद्यार्थिनी) : लेखात ‘दृष्टिभ्रम’ हा शब्द तीनदा आला, पण तो प्रत्यक्षात कसा साधतात हे कुठेच सांगितलेले नाही. जमिनीवर नेमके काय करतात?

उत्तर : खरे आहे, आणि ही उणीव भरून काढण्यासाठी थोडी अधिक जागा घेतो.

काही वर्षांपूर्वी एका मैदानावर मी ग्रीनपासून सुमारे दीडशे यार्डांवर उभा होतो. (मी गोल्फ खेळतो, कसा, ते विचारू नये.) समोर एक रुंद, खोल बंकर होता आणि त्याच्या काठाला चिकटूनच ग्रीन सुरू होत असलेले दिसत होते. भोकाची जागा दाखवणारा झेंडा त्या काठाच्या अगदी लगत रोवलेला वाटत होता. चेंडू थोडा जरी आखूड पडला तरी वाळूत जाणार, या धास्तीने मी हातात लांब पल्ल्याची काठी घेतली आणि चेंडू ग्रीनच्या पलीकडे घालवला. तो शोधायला चालत गेलो तेव्हा बंकर आणि ग्रीन यांच्यामध्ये वीसेक पावलांची सपाट हिरवळ निघाली. दुरून ती हिरवळ नव्हतीच.

युक्ती साधी आहे. बंकरचा पुढचा काठ, म्हणजे ग्रीनच्या बाजूचा, हातभर उचलायचा, आणि त्याच्या मागची जमीन किंचित खोल घ्यायची. दुरून पाहणाऱ्याच्या नजरेची रेषा उचललेल्या काठावरून सुटते ती थेट ग्रीनवर टेकते. मधली जमीन नजरेआड होते. तोफखान्यातले लोक अशाच जमिनीचा हिशोब ठेवत असतात, कारण शत्रू तिथेच दडलेला असतो. मॅकेन्झींनी सैनिक दडवायच्या जागी मोकळी जागा दडवली, एवढेच.

दुसरी गोष्ट मातीची. खड्डा खणला की माती निघते, आणि ती शेजारीच टाकली की गुळाच्या ढेपेसारखा उंचवटा तयार होतो. तो पाहताच कळते की इथे कोणीतरी काम केले आहे. मॅकेन्झींना उंचवट्याचा उतार लांबवर पसरवून आसपासच्या जमिनीत अलगद विरघळवलेला हवा असे. उतार कुठे संपला हे सांगता येऊ नये. याचा एक व्यावहारिक फायदाही होता : अशा उतारावर गवत कापणारे यंत्र अडत नाही आणि हाताने कापणाऱ्या मजुराचा खर्च वाचतो. अर्जेंटिनात, ब्वेनोस आयरिसजवळच्या जॉकी क्लबचे मैदान १९३० च्या सुमारास आखताना त्यांच्यापुढे अगदी सपाट जमीन होती, आणि सपाट जमिनीवर पाणी साचते. त्यांनी पाण्याच्या निचऱ्यासाठी रुंद, उथळ आणि वळणावळणाच्या चऱ्या काढल्या, निघालेल्या मातीचे उंचवटे केले आणि ग्रीनही त्या लाटांमध्ये बसवले. निचऱ्याचे काम आणि शोभेचे काम एकाच फावड्यात झाले.

तिसरी गोष्ट आकाराची. आपल्याकडे चित्रकलेच्या तासाला मुले ढग काढतात तसे एकसारखे गोलगोल काठ काढले की नकलीपणा लगेच उघडा पडतो. वाळूच्या टेकडीला वारा लागून पडलेल्या खळग्याचा काठ कुठे जिभेसारखा आत शिरलेला, कुठे तुटलेला, कुठे गवताने झाकलेला असतो. सायप्रस पॉइंटच्या जुन्या छायाचित्रांत बंकर कुठे संपतात आणि किनाऱ्याची वाळू कुठे सुरू होते हे सहज ओळखता येत नाही.

आता आपण विचारलेले नाही, पण विचारायला हवे असे काही. हा सगळा भ्रम कशासाठी? फसवून खेळाडूला शिक्षा करण्यासाठी नव्हे. मॅकेन्झींचा हेतू नेमका उलटा होता. होल (टीपासून भोकापर्यंतचा एक टप्पा) आहे त्यापेक्षा अवघड दिसावे, असे त्यांचे म्हणणे होते. भीतिदायक दिसणारा अडथळा जो पार करतो त्याला मोठा पराक्रम केल्याचा आनंद मिळतो, आणि अडथळा मुळात फार कठीण नसल्यामुळे हा आनंद बऱ्याच जणांच्या वाट्याला येतो. आपल्याकडे दुरून डोंगर साजरे म्हणतात. मॅकेन्झींचा बंकर दुरून भयंकर आणि जवळ गेल्यावर साजरा असतो. आजकाल लेझरच्या दुर्बिणीने झेंड्याचे अंतर यार्डात मोजता येते, त्यामुळे ही विद्या निकालात निघाली असे काही जण म्हणतात. मला ते अर्धेच पटते. आकडा डोळ्यांपुढे असला तरी काठी फिरवताना हात कचरतो तो दिसणाऱ्या बंकरमुळेच.

प्रश्न (नागपूरचे एक निवृत्त न्यायाधीश) : चुकीच्या फटक्याला शिक्षा नको, दुर्बल खेळाडूला पर्यायी वाट हवी, हे सर्व वाचून प्रश्न पडला की मग कसोटी कशाची? चुकणाऱ्याला दंड नसेल तर अचूक खेळणाऱ्यावर तो अन्याय नव्हे काय?

उत्तर : मॅकेन्झींच्या काळातही याच मुद्द्यावर दोन पक्ष होते. एका पक्षाचे मत आपल्यासारखेच होते : फेअरवेच्या दोन्ही कडांना आणि ग्रीनच्या सभोवती अडथळे पेरावेत, जो वाकडा जाईल तो भोगेल. मॅकेन्झी दुसऱ्या पक्षाचे. दंड त्यांना मान्य होता, पण तो चुकलेल्या फटक्यापेक्षा चुकलेल्या निर्णयाला अधिक हवा होता.

सायप्रस पॉइंटचे सोळावे होल पाहा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, १९२८ मध्ये खुल्या झालेल्या या मैदानात टी एका कड्यावर आहे, ग्रीन समोरच्या भूशिरावर आहे आणि मध्ये प्रशांत महासागर आहे. अंतर सुमारे २३० यार्ड. मैदानाचे पहिले रचनाकार सेथ रेनर यांना समुद्रावरून एवढा लांब फटका अशक्यप्राय वाटत होता. त्यावर प्रकल्पाच्या सूत्रधार मॅरियन हॉलिन्स यांनी तिथेच चेंडू ठेवला आणि नियोजित ग्रीनच्या मध्यावर टोलवून दाखवला. त्या १९२१ च्या अमेरिकन महिला हौशी विजेत्या होत्या, तेव्हा हा काही नवशिक्याचा नशीबवान फटका नव्हता. रेनर १९२६ च्या सुरुवातीला वारले, काम मॅकेन्झींकडे आले, आणि या होलचे श्रेय त्यांनी स्वतः मोकळेपणाने हॉलिन्स यांना दिले. हॉलिन्स यांचे नाव आजही निम्म्या लेखांत गाळले जाते. आमच्याही लेखात ते नव्हते, याची खंत वाटते.

पण मुद्दा पुढेच आहे. त्याच होलला डावीकडे जमिनीची मोठी पट्टी राखली आहे. ज्याच्या दंडात तेवढे बळ नाही त्याने डावीकडे आखूड फटका मारावा, मग दुसऱ्या फटक्याने ग्रीनवर यावे, फार तर एक फटका अधिक लागेल. समुद्र ओलांडायचा की वळसा घालायचा हे प्रत्येकाने आपले बळ, त्या दिवसाचा वारा आणि प्रतिस्पर्ध्याची स्थिती पाहून ठरवायचे असते. बळ नसताना हट्टाने समुद्रावर चेंडू फेकणाऱ्याला दंड होतोच, आणि तो समुद्राइतकाच निष्ठुर असतो. ताकदवान खेळाडूवर अन्याय कुठे झाला? त्याला एक फटका वाचवण्याची संधी मिळाली, जी दुबळ्याला नाही. दुबळ्याला मात्र मैदानाबाहेर काढलेले नाही.

हे सारे मॅकेन्झी शिकले स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज गावच्या ओल्ड कोर्स या जुन्या मैदानावर. त्या मैदानाचे त्यांनी बारकाईने मोजमाप केले आणि १९२४ मध्ये त्याचा नकाशा प्रसिद्ध झाला. तो आजही क्लबांच्या भिंतींवर टांगलेला दिसतो. त्या मैदानाच्या चौदाव्या होलवर वाटेत ‘हेल’ नावाचा प्रचंड बंकर आहे. त्याला ओलांडून, डावीकडून वळसा घालून, अथवा त्याच्या अलीकडे थांबून अशा अनेक वाटांनी हे होल खेळता येते, आणि उजवीकडे मैदानाची हद्द असल्याने ‘सुरक्षित बाजू’ म्हणून ठाम बोट ठेवावे अशी जागा सापडत नाही. आपल्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर इथे कलम एकच, पण युक्तिवाद अनेक.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक) : मॅकेन्झींच्या मैदान आखण्याच्या तेरा तत्त्वांची यादी छापाल का? आणि ती त्यांनी स्वतः पाळली का?

उत्तर : ही तत्त्वे १९२० मधील त्यांच्या छोटेखानी पुस्तकात आहेत. संपूर्ण यादी देण्याइतकी जागा नाही. मला त्यांतील तीन महत्त्वाची वाटतात. कृत्रिम गोष्ट नैसर्गिक वाटावी आणि दुबळ्याला वाट असावी, या दोन वर आल्याच आहेत. तिसरी फारशी उद्धृत होत नाही : हरवलेला चेंडू शोधण्याची कटकट मैदानावर अजिबात नसावी. ज्यांनी कंबरभर गवतात दहा मिनिटे चेंडू शोधण्यात घालवली आहेत त्यांना या वाक्यातले शहाणपण कळेल. उंच गवत हा मॅकेन्झींच्या मते सर्वांत आळशी अडथळा होता. त्यात विचार नाही, चुरस नाही, नुसता वेळेचा अपव्यय आहे.

पाळली का, म्हणाल तर सोयीने. नऊ-नऊ होलांची दोन वर्तुळे असावीत, म्हणजे नवव्या होलनंतर खेळाडू पुन्हा क्लबपाशी यावा, असे पहिलेच तत्त्व आहे. सायप्रस पॉइंटवर तसे घडत नाही. तिथे पाचवे आणि सहावे होल लागोपाठ पार-पाचचे (म्हणजे पाच फटक्यांत पुरे होणे अपेक्षित असलेले), तर पंधरावे आणि सोळावे लागोपाठ पार-तीनचे आहे. समितीपुढे असा आराखडा दुसऱ्या कोणी ठेवला असता तर तो हसण्यावारी गेला असता. जमीन सांगते ते ऐकावे, हे तत्त्व यादीत क्रमांक न लागता बाकीच्या सगळ्यांच्या वर बसले होते, असे मला वाटते.

प्रश्न (मेलबर्नहून एक मराठी वाचक) : मी रॉयल मेलबर्नपासून गाडीने वीस मिनिटांवर राहतो. इथले लोक सांगतात की मॅकेन्झी ऑस्ट्रेलियात जेमतेम दोन-तीन महिने होते. तरी प्रत्येक मैदान त्यांच्याच नावावर कसे?

उत्तर : आपले शेजारी बरोबर सांगतात. मॅकेन्झी ऑक्टोबर १९२६ मध्ये ऑस्ट्रेलियात पोहोचले आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी निघूनही गेले. तेवढ्या अवधीत त्यांनी रॉयल मेलबर्नच्या पश्चिम मैदानाचा आराखडा केला, किंगस्टन हीथचे बंकर सुचवले, ॲडलेड आणि सिडनीकडची मैदाने पाहिली आणि सल्ले दिले. पश्चिम मैदान खुले झाले १९३१ मध्ये. मॅकेन्झी पुन्हा ऑस्ट्रेलियात आले नाहीत. म्हणजे जगातल्या उत्तम मैदानांत गणले जाणारे हे आपले काम त्यांनी पूर्ण झालेले कधी पाहिलेच नाही.

ते उभे केले दोघांनी. एक ॲलेक्स रसेल, १९२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनचे विजेते. दुसरे मिक मॉर्कम, मैदानाची देखभाल करणारे मुख्य कर्मचारी. कागदावरचा बंकर जमिनीत उतरवताना काठ कुठे तोडायचा, झुडूप कुठे ठेवायचे, फावडे कुठे थांबवायचे, हे निर्णय मॉर्कम यांच्या हातचे होते. शेजारचे पूर्व मैदान तर रसेल यांनीच आखले. मग मॅकेन्झींचे काय? माझे मत असे की त्यांची खरी हातोटी माणसे हेरण्यात होती. घोडे, लोखंडी फळ्या आणि फावडी एवढ्या साधनांनी काम चाले, पत्राला बोटीने आठवडे लागत, अशा काळात रचनाकार प्रत्येक बंकरपाशी उभा राहू शकत नव्हता. त्याने तत्त्व शिकवून निघून जायचे आणि मागच्याला ते समजले आहे यावर विश्वास ठेवायचा. गायकाने बंदिश द्यावी आणि शिष्याने ती आपल्या गळ्याने मांडावी, तसे काहीसे. नाव घराण्याचे लागते, हे मात्र शिष्यावर थोडे अन्यायाचेच आहे.

प्रश्न (मुंबईहून एक वाचक) : मी दरवर्षी एप्रिलमध्ये रात्री जागून मास्टर्स स्पर्धा पाहतो. पडद्यावर जे ऑगस्टा दिसते त्यात मॅकेन्झींचे किती उरले आहे?

उत्तर : वाटांचा आराखडा बराचसा त्यांचा आहे, अंगावरचे कपडे मात्र नाहीत.

त्या काळचे आघाडीचे अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्स हे १९२९ मध्ये कॅलिफोर्नियातील पेबल बीचवरच्या अमेरिकन हौशी स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरले. मोकळ्या मिळालेल्या दिवसांत ते जवळच्या सायप्रस पॉइंटवर खेळले, आणि काही दिवसांनी सांताक्रुझला मॅकेन्झींच्याच पासाटिएम्पो मैदानाच्या उद्घाटनाच्या सामन्यातही. दोन वर्षांनी जॉर्जियातील एका जुन्या रोपवाटिकेच्या जागेवर स्वतःचे मैदान उभारायचे ठरले तेव्हा त्यांनी मॅकेन्झींना बोलावले. दोघांनाही ओल्ड कोर्सचे वेड होते. मूळ ऑगस्टावर रुंद फेअरवे होते, उंच गवत नव्हते आणि बंकर अवघे २२ होते, म्हणजे होलमागे सव्वाही नाही. ओल्ड कोर्सवर ते शंभराहून अधिक आहेत, तेव्हा नक्कल करायची नव्हती हे स्पष्ट आहे. जोन्स आणि मॅकेन्झींना तिथला विचार हवा होता.

पुढे सुरुवातीचे आणि शेवटचे नऊ होल यांची अदलाबदल झाली, ग्रीन हलले, तळी आली, झाडे वाढली, १९९९ मध्ये फेअरवेच्या कडेला थोडे लांब गवतही आले, आणि सुमारे ६,७०० यार्डांचे मैदान आता साडेसात हजारांच्या पुढे गेले आहे. तरी यंदा दहावे होल दाखवतील तेव्हा एक गोष्ट पाहा. उतारावरून खाली येताना फेअरवेच्या मधोमध एक विस्तीर्ण, फाटक्या काठांचा बंकर दिसेल, ज्यात कोणाचाच चेंडू सहसा पडत नाही. हा मॅकेन्झींचा बंकर. पूर्वी ग्रीन त्याच्या लगत होते; १९३७ मध्ये रचनाकार पेरी मॅक्सवेल यांनी ते मागे उंचावर नेले. बंकर जागीच राहिला, काम नसलेला, पण कोणी बुजवण्याचे धाडस केले नाही. मला त्या मैदानावरची सर्वांत देखणी वस्तू तीच वाटते, फुलांपेक्षाही.

प्रश्न (कोल्हापूरहून एक वाचक) : आपल्या मासिकाने मूठभर श्रीमंतांच्या छंदावर एवढी पाने खर्च करावीत, याचे आश्चर्य वाटले. शेकडो एकर जमीन, लाखो लिटर पाणी, आणि आत जायला मज्जाव. यात कसले तत्त्वज्ञान?

उत्तर : आपल्या पत्रातील राग मी झटकून टाकू इच्छित नाही. ऑगस्टा नॅशनलने पहिल्या कृष्णवर्णीय सदस्याला प्रवेश दिला तो १९९० मध्ये, आणि पहिल्या महिला सदस्यांना २०१२ मध्ये. ज्या रचनाकाराने दुबळ्यासाठी वाट ठेवण्याचा आग्रह धरला, त्याच्या सर्वांत प्रसिद्ध मैदानाच्या फाटकावर ही वाट इतकी वर्षे बंद होती. यावर सारवासारव करता येत नाही.

पण चित्राला दुसरीही बाजू आहे. मॅकेन्झींनी सार्वजनिक मैदानांसाठीही काम केले. सॅन फ्रान्सिस्कोजवळ पॅसिफिका येथील शार्प पार्क हे १९३२ मधील त्यांचे मैदान आजही महापालिकेचे आहे आणि कोणीही शुल्क भरून तिथे खेळू शकतो. तिथेही वाद आहेच : त्या पाणथळ जागेत राहणारा लाल पायांचा बेडूक आणि एक दुर्मीळ जातीचा साप यांच्यासाठी मैदान बंद करावे की नाही, यावर पर्यावरणवादी आणि खेळाडू न्यायालयापर्यंत गेले. आपण विचारलेला प्रश्न फक्त कोल्हापूरचा नाही.

पाण्याबाबत एवढेच सांगतो की प्रत्येक इंच हिरवागार ठेवण्याचा हट्ट दूरचित्रवाणीच्या काळात फोफावला. मॅकेन्झींच्या मनातले आदर्श मैदान उन्हाळ्यात पिवळट पडणारे, कडक, चेंडू लांबवर घरंगळू देणारे होते. कडक जमिनीवर उतारांना अर्थ येतो. ओल्या गादीवर चेंडू पडल्या जागी रुततो आणि आखलेली सगळी वळणे वाया जातात. आपल्याकडे नवी मैदाने बांधणाऱ्यांनी यातले निदान एवढे तरी उचलावे, असे माझे मत आहे. दख्खनच्या पठारावर मे महिन्यात स्कॉटलंडची हिरवळ राखण्याच्या खटाटोपाला मॅकेन्झींच्या विचारात कुठेही आधार सापडत नाही.

आणि मज्जावाचे म्हणाल, तर ज्या ओल्ड कोर्सला मॅकेन्झी गुरू मानत ते मैदान कोणा क्लबच्या मालकीचे नाही, गावाचे आहे. एरवी रविवारी तिथे गोल्फ बंद असतो. त्या दिवशी गावकरी त्याच फेअरवेवरून बाबागाड्या ढकलत, कुत्री फिरवत हिंडतात.

प्रश्न (साताऱ्याहून एक विद्यार्थी) : मॅकेन्झी स्वतः कसे खेळत?

उत्तर : आयुष्यातील बराच काळ, बेताचे. दुबळ्या खेळाडूबद्दलची त्यांची कळकळ पुस्तकी नव्हती. साठीत, कॅलिफोर्नियात पासाटिएम्पोच्या सहाव्या फेअरवेलगतच्या घरात राहायला गेल्यावर, त्यांचा खेळ सुधारला.

दुरुस्ती : ठाण्याच्या एका वाचकाने लक्षात आणून दिले की गेल्या अंकातील छायाचित्राच्या ओळीत ‘पहिल्या मास्टर्सच्या वेळी मॅकेन्झी’ असा उल्लेख होता. तो चूक आहे. ऑगस्टाचे मैदान जानेवारी १९३३ मध्ये खुले झाले आणि पहिली स्पर्धा २२ मार्च १९३४ रोजी सुरू झाली. तेव्हा तिला मास्टर्स हे अधिकृत नावही नव्हते. मॅकेन्झी ६ जानेवारी १९३४ रोजी सांताक्रुझ येथे निवर्तले होते. मंदीच्या काळात क्लबची तिजोरी रिकामी असल्याने ठरलेल्या मानधनाची पूर्ण रक्कमही त्यांना मिळाली नाही, आणि ऑगस्टावर गवत उगवलेले त्यांनी पाहिले नाही. छापलेले छायाचित्र त्यापूर्वीचे आहे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.